नव्या रंगाला जुनेपण कशाला?



मार्चच्या पालक सभेनंतर एक प्रश्न आमच्याकडे पुष्कळ वेळा आला. संगीत खोलीतल्या बेस गिटारला मुलांनी नवा रंग दिला, तो चांगला वाळला आणि मग त्याच मुलांनी रेगमालाने तो जागोजागी घासून काढला. असे का? एका पालकांनी तर विचारले, "मॅडम, रंग फुकट आला होता का?" विश्वस्त मंडळाच्या बैठकीतही यावर बोलणे झाले. तेव्हा या अंकातले आमचे पान त्याच विषयाला द्यावे असे ठरवले. गोष्ट एका वाद्याच्या रंगाची आहे, पण तिच्यात शाळेने काही ठरवायचे होते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी वाद्याबद्दल. बेस गिटारला चार जाड तारा असतात. साध्या गिटारच्या खालच्या चार तारांचे तेच सूर, पण एक सप्तक खाली. तारेची लांबी साधारण ३४ इंच आणि चारही तारांचा मिळून ताण सत्तर-ऐंशी किलोच्या घरात. तबल्यात डग्ग्याचे जे काम, तेच वाद्यवृंदात बेसचे. तो चालू असताना कुणाचे लक्ष जात नाही, बंद पडला की गाणे पोकळ वाटते. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बेस वाजवत. ती गाणी घरोघरी पाठ आहेत, त्यांचे नाव मात्र फार थोड्यांना माहीत आहे.

आपल्याकडचा बेस शाळेने विकत घेतलेला नाही. तो आपल्या एका माजी विद्यार्थ्याचा. इंदूरच्या ऑर्केस्ट्रा पार्ट्यांत, लग्नांत, गणेशोत्सवात तो दहा-बारा वर्षे वाजवत होता. २०२१ च्या एप्रिलमध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत तो गेला. पुढच्या वर्षी त्याची आई रिक्षातून ते वाद्य घेऊन शाळेत आली. त्यांच्या इच्छेप्रमाणे नाव इथे देत नाही. आम्ही विचारले, "ताई, काही अट?" त्या म्हणाल्या, "अट कसली मॅडम? पोरांनी वाजवावं. घरात नुसतं उभं असलं की माझं लक्ष तिकडेच जातं."

दोन वर्षे मुलांनी ते वाजवले. २०२४ च्या पावसाळ्यात एका रात्री वादळाने संगीत खोलीवरचा पत्रा उचकटला. सकाळी कपाटात पाणी होते. हार्मोनियम उंचावर होती म्हणून वाचली. बेस खाली उभा होता. लाकडाने पाणी ओढले, ते फुगले आणि समोरच्या बाजूचा काळा रंग भाजलेल्या पापडासारखा उचलला गेला. आतली विद्युत जोडणी सुकवल्यावर चालू झाली. मान सरळ राहिली. मागची बाजू भिंतीकडे नव्हती, तिला काही झाले नाही. बिघडला तो फक्त दर्शनी भाग आणि खालची कड.

दहावीच्या तीन मुली आणि दोन मुले आमच्याकडे आली. म्हणाली, आम्हीच रंगवतो, पण 'वॉर्न लुक' देतो. म्हणजे वर्षानुवर्षे वाजवून झिजल्यासारखा रंग. वाद्य नवे कोरे दिसू नये, हाताळलेले दिसावे.

बातमी फिरायला वेळ लागला नाही. आपल्या एका ज्येष्ठ विश्वस्तांनी फोन केला. त्यांचे म्हणणे स्पष्ट होते आणि आम्हाला ते हसण्यावारी नेण्यासारखे वाटले नाही. ते म्हणाले, "झीज ही कमवायची वस्तू आहे. जी मेहनत केली नाही तिच्या खुणा अंगावर काढायच्या, हे शाळेने शिकवायचं का? आणि तेही त्या मुलाच्या वाद्यावर?"

हा शेवटचा प्रश्न आम्हाला रात्रभर पुरला. मूल गेलेल्या आईने दिलेले वाद्य. त्यावर त्याच्या हाताच्या खऱ्या खुणा असणार. त्यांच्या शेजारी शाळेतल्या मुलांनी रेगमालाने खोट्या खुणा काढायच्या? आम्ही मुलांना सांगितले, आठ दिवस थांबा. आणि त्या आठ दिवसांत हा प्रकार मुळात आहे तरी काय, हे समजून घेतले. तेच थोडक्यात इथे मांडतो.

आपल्याकडे मोटारीच्या रंगाला कारागीर आजही 'ड्यूको' म्हणतात. ड्यूको हे अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीच्या रंगाचे नाव. १९२० च्या दशकात हा नायट्रोसेल्युलोजचा रंग निघाला. त्याआधी मोटारीचा रंग वाळायला आठवडे लागत, हा काही तासांत वाळू लागला. पुढे कॅलिफोर्नियात लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये प्रिसिजन बेस बाजारात आणला आणि विजेवर चालणारा बेस लोकांच्या हाती आला. फेंडरच्या कारखान्यात थोडे जास्त पैसे भरले की गिऱ्हाईकाला वेगळा रंग मिळे, आणि हे रंग मोटारींच्याच डब्यातले असत. त्यांचा प्रसिद्ध 'फिएस्टा रेड' हा १९५६ च्या फोर्ड थंडरबर्ड गाडीचा रंग, आणि फिकट 'सॉनिक ब्लू' हा त्याच वर्षीच्या कॅडिलॅकचा. म्हणजे गिटार आणि मोटार या एकाच डब्यातून रंगलेल्या बहिणी आहेत.

या लॅकरचा एक स्वभाव आहे. तो थिनर उडून वाळतो. वरचा हात खालच्या हातात थोडा विरघळून एकजीव होतो, म्हणून थर पातळ ठेवता येतो. पण तो कायम नाजूक राहतो. घामाने मऊ पडतो, उन्हाने पिवळा होतो, एकाएकी गारठा लागला तर त्याला केसासारख्या भेगा जातात. वाजवणाऱ्याचा हात जिथे रोज टेकतो तिथून तो हळूहळू निघून जातो आणि खालचे लाकूड दिसू लागते. आयर्लंडचे रोरी गॅलहर यांनी १९६३ मध्ये शंभर पौंडांना एक जुने फेंडर गिटार घेतले. १९९५ मध्ये त्यांचे निधन झाले तोवर त्यावरचा बहुतेक रंग निघून गेला होता. २०२४ मध्ये लंडनला त्याचा लिलाव झाला, आठ लाख पौंडांहून जास्त किंमत आली आणि ते वाद्य आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या वाट्याला आले. त्यावर रंग पुन्हा चढवावा असे कुणाच्या मनातही आले नाही.

पुढे कारखान्यांनी जाड, कडक पॉलिएस्टर आणि पॉलियुरेथेनचे थर वापरायला सुरुवात केली. ते सहसा झिजत नाहीत, आदळले तर टवका उडतो. मग लोकांना जुन्या झिजक्या वाद्यांची ओढ लागली. १९९५ मध्ये फेंडर कंपनीने स्वतःच, मुद्दाम झिजवलेली नवी गिटारे 'रेलिक' नावाने विकायला काढली. आज जगभर हा एक स्वतंत्र व्यवसाय आहे. हौस म्हणून करणारे आहेत, आणि नव्या वस्तूला जुनी म्हणून खपवणारेही आहेत.

उलट उदाहरणही मुलांना सांगितले. जेको पॅस्टोरियस हा अमेरिकी बेसवादक आपला १९६२ चा बेस पडद्यांशिवाय वाजवे. तारा उघड्या लाकडाला खाऊ लागल्या, तेव्हा त्याने त्यावर होड्यांना लावतात ते इपॉक्सी लावले. त्याला झीज नको होती, त्याला स्वर हवा होता. म्हणजे रंग किंवा लेप आधी वाद्याचे रक्षण करण्यासाठी असतो, शोभा नंतर.

आठ दिवस झाले. आम्ही मुलांना विचारले, तुम्हाला झिजका रंगच का हवा? फॅशन म्हणून हवा असेल तर उत्तर नाही. एक मुलगी, जी वर्गात क्वचितच बोलते, तिने बेस उलटा केला. मागच्या काळ्या रंगावर मधोमध बारीक ओरखड्यांचे जाळे होते. पट्ट्याच्या बकलचे ओरखडे. तो दादा उभा राहून वाजवायचा, त्याचे.

ती म्हणाली, "मॅडम, पुढची बाजू नवीन चकचकीत केली तर मागची बाजू खराब दिसेल. आता नाही तर दोन वर्षांनी कुणीतरी म्हणेल, हेपण घासून रंगवून टाका. पुढची बाजू थोडी जुनी केली तर मागची वाचेल."

आम्ही ज्येष्ठ विश्वस्तांना फोन लावला आणि तिचे वाक्य जसेच्या तसे सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आईला विचारा. त्या हो म्हणाल्या तर माझी हरकत नाही. पण पुढे कुणाची फसवणूक होता कामा नये." दोन्ही अटी आम्ही मान्य केल्या.

त्यांच्या घरी आम्ही मुलांना घेऊन गेलो. ताईंनी पोहे केले. बेस मांडीवर घेऊन त्यांनी मागचे ओरखडे बोटांनी चाचपले, मग मान हातात धरली आणि म्हणाल्या, "हे बघा." मानेच्या मागच्या बाजूला मूळ पॉलिश बिनचमकीचे होते. पण पहिल्या पडद्यापासून पाचव्यापर्यंत, जिथे त्याचा अंगठा सरकायचा, तिथे ते आरशासारखे गुळगुळीत झाले होते. "तो रात्री तारा न जोडता, आवाज न करता बोटं फिरवायचा," त्या म्हणाल्या. "पुढचं काय करायचं ते करा. हे नका घासू."

परतताना मुले रिक्षात शांत होती. झीज म्हणजे रंग निघणे असेच आम्ही सगळे धरून चाललो होतो. इथे हात लागून वस्तू चमकली होती.

काम दिवाळीनंतर सुरू केले. त्याला कारण आहे. नायट्रोसेल्युलोज लॅकरला दमट हवा चालत नाही. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतले पाणी त्यावर जमते आणि रंग दुधाळ पडतो. माळव्यात पावसाळा संपून कोरडी थंडी येते तो काळ त्याला बरा. तोवर लाकूड महिनाभर सावलीत वाळवले. उन्हात ठेवले असते तर तडकले असते.

आधी तारा एकेक करून सैल केल्या, मग मानेचे चार स्क्रू, ब्रिज, पिकअप, बटणे, सगळे काढले. मुलांनी खडूने टेबलावर चौकोन आखले, प्रत्येक चौकोनात त्या त्या भागाचे स्क्रू ठेवले आणि फोटो काढला. ब्रिजखाली अर्थिंगची बारीक तार असते, ती तुटू न देणे महत्त्वाचे. हा पसारा मांडण्यात दोन शनिवार गेले, पण पुढे जोडताना एकही स्क्रू उरला नाही की कमी पडला नाही.

मागची बाजू, मान आणि पिकअपची झाकणे कागद व मास्किंग टेपने बंद केली. पुढचा जुना थर पॉलिएस्टरचा होता. त्याला थिनर काही करत नाही. आपल्या एका विद्यार्थिनीच्या वडिलांचा डेंटिंग-पेंटिंगचा गॅरेज आहे. त्यांनी हीट गनने तो मऊ करून पत्र्याच्या पट्टीने उचलून दिला. हे काम आणि फवारणी, दोन्ही त्यांनीच त्यांच्या जागेत केले. मुलांना थिनर आणि स्प्रे गनला हात लावू दिला नाही. हा धूर फुप्फुसांना वाईट आणि वस्तू पेटणारी. मुलांकडे घासकाम होते, तेही नाकाला मास्क लावून.

लाकूड उघडे झाल्यावर १२०, मग २२० नंबरच्या रेगमालाने रेषांच्या दिशेने घासले. त्यावर सीलरचे तीन हात, प्रत्येक हात वाळल्यावर ३२० ने हलके घासून. मग काळ्या एन.सी. रंगाचे तीन पातळ हात. आठवडाभर विश्रांती. मग फिकट निळ्या रंगाचे तीन हात, तो जुन्या कॅडिलॅकच्या जवळ जाणारा, आणि शेवटी पारदर्शक लॅकरचे चार हात. निळ्याखाली काळा का? कारण हे वाद्य मुळात काळेच होते. घासल्यावर निळ्याखालून काळा दिसेल आणि कडेवरून वळून मागच्या जुन्या काळ्यात मिसळून जाईल. कारागीर म्हणाले, "चकचकीत काम असतं तर इथे जोडाची रेघ दिसलीच असती. झिजक्या कामात ती लपते." मुलीचे म्हणणे हातोहात सिद्ध झाले.

त्यानंतर एक महिना वाद्याला कुणी हात लावला नाही. लॅकर वरून तासाभरात वाळतो, पण आतून आकसत राहतो. घाई केली तर घासताना तो गोळा होऊन निघतो. दहावीच्या मुलांना महिनाभर काहीही न करणे फार जड गेले. रोज मधल्या सुट्टीत कुणीतरी दारातून डोकावून जाई.

आता प्रश्न, घासायचे कुठे? मुलांची पहिली कल्पना होती किल्ल्यांच्या जुडग्याने ठोके मारायचे, साखळीने आपटायचे. हे सगळे प्रकार या धंद्यात चालतात. आम्ही एकच नियम सांगितला, जिथे माणसाचा हात, कोपर, अंगठा किंवा पट्टा लागत नाही तिथे खूण करायची नाही. पण हात लागतो कुठे, हे कसे कळणार? तेव्हा आपल्या विज्ञान शिक्षकांनी युक्ती काढली. वाद्य पुन्हा जोडून त्याच्या दर्शनी भागावर खडूची बारीक पूड भुरभुरली. शाळेत खडूला काय तोटा! मग संगीत वर्गातल्या चार मुलांनी आळीपाळीने पंधरा-पंधरा मिनिटे नेहमीसारखे वाजवले.

पूड जिथे पुसली गेली तो नकाशा सगळ्यांनी डोळे भरून पाहिला. वरच्या कडेवर जिथे उजवा हात कोपराजवळ टेकतो, तिथे हातभर पट्टा. पिकअपच्या वर अंगठा टेकतो तिथे रुपयाएवढा डाग. बटणांभोवती करंगळीचे फटकारे. खालच्या कडेला, बसून वाजवताना मांडीवर येते तिथे, एक लांब रेघ. बाकी सगळी पूड जशीच्या तशी. उंच मुलाचा पट्टा वर आणि बुटक्या मुलीचा खाली, पण जागा त्याच. मुलांनी ठोके मारायचे ठरवलेल्या सहापैकी पाच ठिकाणी पूड हललीसुद्धा नव्हती. भाषेला असते तसे झिजेलाही व्याकरण असते, हे त्या दिवशी फळ्यावर न लिहिता कळले.

नकाशाप्रमाणेच घासले. कडांवर ३२० चा रेगमाल, लाकडी ठोकळा न लावता, नुसता हातात धरून. कारण ठोकळ्याने सपाट होते आणि हाताने गोल. निळा जाऊन काळा दिसू लागला की थांबायचे. लाकूड फक्त दोनच ठिकाणी उघडे केले, वरच्या कडेवर आणि अंगठ्याखाली. पांढरे कोरे लाकूड उघड खोटे दिसते, म्हणून त्यावर तपकिरी बूट पॉलिश किंचित चोळले. मग पाण्याचा कागद १००० आणि १५०० नंबर, साबणाच्या पाण्याने, आणि शेवटी रबिंग कंपाउंड जुन्या सुती कापडाने. फळीचे सहा स्क्रू रात्रभर सिरक्यात ठेवले, त्यांची चकाकी गेली. सारखे वाटू लागे, आणखी थोडे घासू या. कारागिरांनी मुलांना सांगितले, "थांबायला शिकायचं, तेच काम. घासलेलं परत येत नाही."

राहिली विश्वस्तांची दुसरी अट, फसवणूक नको. फेंडरच्या त्या कारखान्यात अशा वाद्यांना R अक्षराने सुरू होणारे क्रमांक देतात, म्हणजे जाणकाराला कळते. आम्ही मुलांना म्हटले, आपण शब्दांत लिहू. मान जिथे धडाला बसते त्या खोबणीत, जी फक्त दुरुस्ती करणाऱ्यालाच दिसते, तिथे बारीक अक्षरांत लिहिले आहे: 'पुढचा रंग व त्यावरील झीज शाळेतील मुलांनी २०२५ साली केली. मागचे ओरखडे आणि मानेची चमक ज्याचे हे वाद्य त्याची.' मराठीत लिहिले आहे. पन्नास वर्षांनी कुणी हे उघडेल तेव्हा त्याला हे वाचता यावे, एवढीच इच्छा. ते वाचता येणारा कुणी त्या वेळी इंदुरात असेल की नाही, हे मात्र आपण सगळे मिळून काय करतो त्यावर आहे.

भाषेचा विषय निघालाच आहे तर दोन शब्द. आमची पदवी हिंदी माध्यमाची. घरात मराठी, शाळेत मराठी, मग महाविद्यालयात सगळा इतिहास हिंदीतून. पुण्याचे पाहुणे आले की आमच्या बोलण्यातल्या 'रेगमाल' आणि 'सिरका'वर गालातल्या गालात हसतात. कधी वाटे, हे शब्द घासून काढावेत आणि वर चकचकीत पुणेरी हात मारावा. उलट आजकालच्या काही कार्यक्रमांत 'इंदुरी मराठी' म्हणून जागोजागी मुद्दाम हिंदी पेरलेली ऐकतो, तेव्हा खडूची पूड आठवते. हात न लागलेल्या जागी मारलेले ते ठोके आहेत. होळकरांच्या काळापासून या गावात मराठी आणि माळवी, हिंदी एकमेकींना टेकून राहिल्या. जिथे खरोखर टेकल्या तिथे आपली मराठी बदलली आहे. पालकांना आमची विनंती इतकीच, की मुले घरी चुकतमाकत, हिंदी मिसळून का होईना, मराठी बोलत असतील तर त्यांना थांबवू नका, हसू नका. मानेची चमक रोज हात फिरवल्याने आली. हात उचलला की ती वाढायची थांबते.

ज्येष्ठ विश्वस्तांचे समाधान पूर्ण झाले, असा दावा आम्ही करणार नाही. काम पाहायला ते स्वतः आले. पुढची बाजू पाहून म्हणाले, "छान आहे, पण मला अजूनही नाटकातल्या पिकल्या केसांसारखं वाटतं." मग बेस उलटा करून मागची बाजू बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, "हे राखलंत, ते बरं केलंत." आम्हाला वाटते, दोन्ही मते शाळेत नांदू शकतात. मुलांनी ती दोन्ही ऐकली, हे जास्त महत्त्वाचे.

ताई मार्चमधल्या एका शनिवारी आल्या. ती अबोल मुलगीच वाजवत होती. मुले आता तो पट्टा खडूशिवायच पुसू लागली आहेत. वरच्या कडेवर आम्ही घासले होते त्याच्या बोटभर खाली निळा रंग मंद पडू लागला आहे, कारण ती मुलगी बुटकी आहे आणि तिचा हात खाली टेकतो. ताईंच्या ते लगेच लक्षात आले. "हे तुम्ही केलेलं नाही ना?" त्यांनी विचारले. नव्हते केले.

शेवटी व्यवहाराचे. सगळा खर्च दोन हजार रुपयांच्या आत झाला, पावत्या कार्यालयात पाहता येतील. गॅरेजवाल्या पालकांनी मजुरी घेतली नाही, त्यांचे शाळेतर्फे आभार. संगीत खोलीवर नवा पत्रा बसला आहे आणि सर्व वाद्ये आता जमिनीपासून दोन फूट वर ठेवली जातात. विद्यार्थ्यांसाठी सूचना: बेस दर शनिवारी मधल्या सुट्टीनंतर कुणालाही वाजवता येईल. हात धुऊन यावे. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या कापडाने पुसाव्यात. मानेची मागची बाजू कोणत्याही पॉलिशने किंवा तेलाने पुसू नये. पट्ट्याचे बकल काढण्याची गरज नाही.